पहिली सोळा पानं

‘दुरुस्ती विभागाची खोली अठरा फूट लांब व अकरा फूट रुंद असून तिला तीन खिडक्या आहेत, पैकी एक उघडत नाही.’

हे माझ्या बाबांच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य. दुसऱ्या वाक्यात कपाटं येतात. तिसऱ्यात कपाटांचे कप्पे. कप्पे मोजून होईपर्यंत मला बाबांचा राग आला होता, आणि तो पुढे आठ महिने टिकला.

सुरुवात हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. मी एका प्रकाशन संस्थेत वाचक म्हणून नोकरी करते. लोक आपापलं लिखाण पाठवतात, ते वाचायचं आणि वर ‘ठेवा’ किंवा ‘परत’ एवढा एक शब्द लिहायचा. वाचायचं असं म्हणायची पद्धत आहे, एवढंच. रोज पंधरा-वीस बाडं येतात आणि मला डोळे दोनच आहेत. मी पहिलं पान वाचते, फार तर उलटून दुसऱ्याच्या निम्म्यापर्यंत जाते. ऑफिसात मला ‘दीडमिनिट’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण आमच्याकडे भिंतींऐवजी पुठ्ठ्याचे आडोसे आहेत, त्यामुळे सगळं ऐकू येतं. मला त्याचं काही वाटत नाही. दीड मिनिटात कळतं. ज्याला पहिल्या पानावर बोलता येत नाही, तो दोनशेव्या पानावर काय दिवे लावणार आहे? दुकानात पुस्तक चाळणारा माणूस तर दीड मिनिटही देत नाही. त्याच्या एका हातात पिशवी असते आणि बायको बाहेर ताटकळत असते.

आणि असल्या मुलीच्या बापाने पुस्तकाच्या तोंडाशी खोलीची मापं लिहावीत!

बाबा छत्तीस वर्षं एका मोठ्या ग्रंथालयात बाइंडर होते. फाटलेली, उसवलेली, भिजलेली पुस्तकं त्यांच्या खोलीत यायची आणि धड होऊन परत जायची. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी त्यांच्या घरात अजून दाबाचं यंत्र आहे, मेण लावलेला दोरा आहे आणि खळीचा तो आंबूस वास आहे. बोलणं मात्र बेताचं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत आलो. जेवलीस का, छत्री घेतलीस का, दार नीट लावलंस का. आईबद्दल तर अवाक्षर नाही. लहानपणी मी विचारायचे, तेव्हा ते आरीने पुठ्ठ्याला भोकं पाडत बसायचे. पुढे मी विचारणं सोडून दिलं.

तर असा माणूस एका रविवारी सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माझ्या घरी आला. आत पुस्तक होतं. कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतलेलं आणि स्वतः शिवलेलं. निळ्या कापडाची बांधणी, कोपरे असे सुबक की बोट फिरवत राहावं.

“तुम्ही लिहिलंत?”

“हं.”

“कधी?”

“होत होतं हळूहळू. वाचून बघ.” दाराशी जाऊन म्हणाले, “सावकाश.”

ते जिना उतरायच्या आत मी पेन्सिल घेतली होती. हाताला सवयच तशी. पहिल्या वाक्याखाली रेघ मारली, दुसऱ्यावर काट मारली, तिसऱ्या पानावर पेन्सिल खाली ठेवली आणि पुस्तक कपाटात वरच्या फळीवर उभं केलं. तीन पानं म्हणजे माझ्या मते मी त्यांना बापाची सवलत दिली होती.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. चहा पिऊन झाला तरी रिकामा कप बशीत फिरवत राहिले. मग विचारलं, “वाचलंस?”

“वाचलं की.”

“सगळं?”

“हो, सगळं. मधला भाग फार चांगला उतरलाय, बाबा.”

हे मी ऑफिसातून शिकलेलं वाक्य होतं. ज्या लेखकाला दुखवायचं नसतं, त्याला आम्ही मधला भाग चांगला आहे असं कळवतो. सुरुवात त्याला पाठ असते, शेवट नुकताच लिहिलेला असतो, मध्याबद्दल कुणी खोलात जाऊन विचारत नाही. पण बाबांचा चेहरा असा काही उजळला की मीच गडबडले. ते पुढे सरकून बसले.

“मधला? कुठला गं?”

“म्हणजे... सगळाच. ओघ आहे त्याला. फक्त ती सुरुवात बदलायला हवी.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, कपाटातून पुस्तक काढलं, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि जिथल्या तिथे ठेवून दिलं.

“सुरुवात आहे तीच राहू दे,” म्हणाले आणि चपला घालायला लागले.

तिथून आमची जुंपली. मी म्हणायचे, बाबा, लोक पहिलं पान बघून ठरवतात. ते म्हणायचे, ठरवू देत. मी म्हणायचे, निदान खिडक्या तरी काढा. ते म्हणायचे, खिडक्या होत्याच तिथे. मी सांगायचे, मला यातलं कळतं हो, माझा जन्म गेलाय यात. ते मान हलवायचे आणि दोरा ओवायला लागायचे. तो दोरा सुईत जायला आता त्यांना चार-चार प्रयत्न लागतात, आणि ते बघून माझी घालमेल व्हायची. बहात्तरीचा माणूस, डोळे उतरलेले, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलंय. त्याच्या डोळ्यांदेखत ते छापून यायला हवं होतं, आणि मध्ये कोण आडवं आलं होतं, तर एक न उघडणारी खिडकी.

शेवटी मीच बसून त्यांच्यासाठी अकरा सुरुवाती लिहिल्या. एकीत ग्रंथालयाला आग लागत होती, एकीत दुर्मीळ पुस्तक चोरीला जात होतं, एकीत दुरुस्तीला आलेल्या पुस्तकात कुणाचं तरी पत्र सापडत होतं. नवरा म्हणाला, “मला हो म्हणायला तू किती वेळ घेतला होतास गं?” मी म्हटलं, “दीड मिनिट, आणि आता मध्ये बोलू नकोस.” बाबांनी अकराही वाचल्या. प्रत्येकीनंतर “छान आहे” म्हणाले. पुढच्या खेपेला गेले तर त्यांतली चार पानं खळीच्या वाटीखाली अंथरलेली होती.

“बाबा, हे काय?”

“कागद चांगला आहे. शोषून घेतो.”

त्यांच्याकडे आणखी तीन प्रती होत्या, तशाच निळ्या कापडातल्या. मी इरेला पेटले. म्हटलं, ठीक आहे, तुमच्या खोलीसकट छापून आणते. “पाठवू का या?” “पाठवायच्या तर पाठव,” ते म्हणाले. दोन प्रती मी बाहेरच्या प्रकाशकांना टपालाने पाठवल्या. तिसरी आमच्याच ऑफिसात, लेखकाच्या नावावर कोरी चिठ्ठी चिकटवून, सोमवारच्या ढिगात ठेवली. वशिला नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

आमच्याकडे सोमवारी सकाळी मोठ्या टेबलाभोवती बैठक होते. बैठक म्हणायची, पण सगळे उभे असतात. मालकांचं मत असं की बसलं की माणूस दयाळू होतो आणि दयेने पुस्तकं खपत नाहीत. मी एकेका बाडाचा पहिला परिच्छेद मोठ्याने वाचते. मालक, विक्री बघणाऱ्या बाई आणि प्रूफं तपासणारे काका ऐकतात. ज्याला पुढे ऐकावंसं वाटेल त्याने हात वर करायचा, त्यात मीही आले. एकही हात वर गेला नाही तर बाड परत. तासाभरात चाळीस बाडांचा फडशा पडतो.

बाबांचं वाक्य मी जमेल तेवढ्या चांगल्या आवाजात वाचलं. अकरा फुटांपाशी बाईंनी ओठ चावला. “पैकी एक उघडत नाही,” असं वाचलं तसे मालक म्हणाले, “मग सुताराला बोलवा म्हणावं, आम्हाला कशाला कळवलंय?”

सगळे हसले. मीही हसले. ते हसू माझ्या तोंडातून कसं निघालं मला अजून कळत नाही, पण निघालं, चांगलं दात दिसतील असं. कुणाचा हात वर गेला नाही. माझाही नाही. मी माझ्याच अक्षरात वर ‘परत’ लिहिलं आणि पुढचं बाड उचललं.

बाहेरच्या दोन्ही प्रती यथावकाश परत आल्या. एक पाच आठवड्यांनी, दुसरी तर साडेचार महिन्यांनी. दोन्हींसोबत पत्र होतं: ‘आपल्या लेखनाचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला.’ असली पत्रं मी स्वतः शेकड्यांनी धाडलेली आहेत. तरी ती वाचताना अंगाचा तिळपापड झाला.

शनिवारी दुपारी तिन्ही प्रती पिशवीत घालून मी बाबांकडे गेले आणि टेबलावर आदळल्या. ते शेजाऱ्यांच्या एका जुन्या शब्दकोशाची पाठ नव्याने बसवत होते.

“घ्या! कुणी वाचत नाही, बाबा. कुणाला वेळ नाही. काळजीपूर्वक विचार केला म्हणे, डोंबल! पान तरी उलटलं असेल का मेल्यांनी? तुम्ही जीव ओतून लिहायचं आणि यांनी एका ओळीवर माणूस निकालात काढायचा. लाज कशी वाटत नाही एकेकाला?”

माझा आवाज चांगलाच चढला होता. बाबांनी फडक्याला हात पुसले. पहिली प्रत मिटलेली तशीच डाव्या तळहातावर घेतली आणि तिच्या पाठीवरून उजवा अंगठा आडवा फिरवला, दाबून, हळूहळू. मग दुसरी घेतली. मग तिसरी.

“पहिल्या फर्म्यापुढे कुणी गेलेलं नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“सोळा पानांचा एक फर्मा. असे चौदा शिवलेत मी. पाठीला खळ असते. नवं पुस्तक जिथे उघडशील तिथे ती पहिल्यांदा तडकते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. या तिन्हींचा पहिला फर्मा सैल झालाय. बाकीचे मी शिवले तसेच आहेत.”

“कुणी नुसतं चाळलंही नाही?”

“चाळलं तरी कळतं.”

त्या लोकांचा आणखी उद्धार करायला मी तोंड उघडलं होतं. ते उघडंच राहिलं. मला माझ्या घरातली वरची फळी आठवली, तिच्यावरची निळी प्रत आठवली, आणि तिच्या पाठीवरून असाच फिरलेला अंगठा आठवला. मधला भाग फार चांगला उतरलाय, बाबा.

म्हणजे आठ महिने त्यांना माहीत होतं. मी अकरा सुरुवाती घेऊन आले तेव्हा माहीत होतं. वाचक म्हणजे काय चीज असते हे मी त्यांना समजावत होते तेव्हाही माहीत होतं. आणि आत्ताही त्यांनी नुसता शब्दकोश पुढे ओढला आणि ब्रश खळीत बुडवला. मी कसली तरी सबब सांगून निघाले. जिन्यात मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

रविवारी सकाळी फळीवरून माझी प्रत काढली, खिडकीत बसले आणि पहिल्या वाक्यापासून वाचायला लागले. खोटं कशाला सांगू, पहिली सोळा पानं भयंकर आहेत. कपाटं, कप्पे, दाबाच्या यंत्राचा दांडा किती लांब, खळ किती वेळ शिजवायची, दिवे किती आणि त्यांतले चालू किती. अकराव्या पानावर मला दोन जांभया आल्या. माझीच पेन्सिलीची काट मला तिसऱ्या पानापर्यंत भेटत राहिली आणि दर वेळी टोचली. सोळावं पान संपलं, मी उलटलं, आणि पाठ कट्कन वाजली.

सतराव्या पानावर लिहिलं होतं:

‘इथपर्यंतचं गेलं तरी चालेल. माझ्याकडे जी पुस्तकं यायची त्यांतल्या बहुतेकांची पहिली पानं गेलेली असायची, नाहीतर शेवटची. पुस्तक दोन्ही टोकांकडून फाटत येतं. मधलं राहतं. म्हणून जे राहायला हवं ते मी मध्ये ठेवलं आहे. हिच्याबद्दल इथून लिहितो.’

हिच्याबद्दल, म्हणजे आईबद्दल.

दुरुस्तीचं पुस्तक ग्रंथालयाबाहेर न्यायचं नाही असा नियम होता. बाबा न्यायचे. ज्यांची पहिली पानं गेलेली असत अशी पुस्तकं पिशवीत लपवून घरी आणायचे. आई ती वाचायची आणि सुरुवात काय असेल ते सांगायची. खरी पानं मिळवायला दुसऱ्या ग्रंथालयांना पत्रं लिहावी लागत, त्यात महिने जात. तोवर आईची सुरुवात चालायची. बाबा ती तिच्या शब्दांत चिठ्ठीवर उतरवून ठेवायचे. अशा एकतीस चिठ्ठ्या त्यांनी चाळीस वर्षं जपल्या होत्या आणि या पुस्तकात घातल्या होत्या.

एका कादंबरीची आठ पानं गेली होती आणि नववं पान ‘म्हणून त्याने दार उघडलं नाही’ असं सुरू होत होतं. आईने सांगितलेली सुरुवात अशी: ‘एका माणसाच्या घराला दोन दारं होती. एकातून तो रागावून बाहेर पडायचा आणि दुसऱ्यातून गुपचूप परत यायचा. एके दिवशी दोन्ही दारांवर एकदमच थाप पडली.’ हे मी सोमवारी वाचलं असतं तर चारही हात वर गेले असते. मधमाश्या पाळण्यावरच्या एका पुस्तकाला तिने एवढीच सुरुवात दिली होती: ‘सगळ्यात आधी शेजाऱ्यांना विचारा.’

आणि जागोजागी मी होते. बाबांनी मला ‘पोरगी’ म्हटलंय. ‘हिने सुरुवात सांगितली. पोरगी म्हणाली, ही नको, दुसरी. हिने दुसरी सांगितली. पोरगी म्हणाली, ही पण नको. त्या दिवशी सात झाल्या. मी पोरीवर ओरडलो. ही म्हणाली, ओरडू नका. सुरुवात पटली की गोष्ट पुढे जाते आणि मग संपते. तिला संपायला नकोय.’

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. चाळीस वर्षं मी समजत होते की आईचा एकही शब्द माझ्यापाशी नाही. बाबा बोलत नाहीत म्हणून मी त्यांच्यावर मनातून धुमसत राहिले होते. आणि तिचे सगळे शब्द आठ महिने माझ्या घरात, माझ्या डोक्यावरच्या फळीवर होते, आणि मला खिडक्या आवडल्या नव्हत्या.

तेराव्या फर्म्यात आई आजारी पडते. बाबांनी ते फार लांबवलेलं नाही. ‘हॉस्पिटलात मी एक पुस्तक घेऊन गेलो. पहिलं पान नव्हतं. ही म्हणाली, आज मला होत नाही, या वेळी तुम्ही सांगा. मला काही सुचेना. मला कधीच सुचलेलं नाही. ही वाट बघत होती, म्हणून सांगायला लागलो. दुरुस्ती विभागाची खोली अठरा फूट लांब व अकरा फूट रुंद असून तिला तीन खिडक्या आहेत, पैकी एक उघडत नाही. ही हसली. खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, चालेल, पुढे सांगा.’

मी रडले. चांगली भोकाड पसरून रडले, नवरा आतून धावत आला. त्या वाक्याला दोनदा लोक हसले होते. एकदा आई हसली होती आणि एकदा आम्ही.

सोमवारी मी मोठ्या टेबलाभोवती चार खुर्च्या आणून मांडल्या. “बसा,” मी म्हटलं. मालक कुरकुरले, पण त्यांचा गुडघा दुखत होता, बसले. मी माझी प्रत सतराव्या पानावर उघडली आणि वीस मिनिटं वाचत राहिले. बाईंनी रुमाल काढला. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिघांचेही हात कधीच वर गेले होते आणि खाली घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“छापू हे,” मालक म्हणाले. “कोण आहे हा माणूस?”

“माझे वडील.”

मग मी पहिलं पान उघडून वाचलं. खिडकी आली तसं त्यांना आठवलं. ओशाळले, दाढी खाजवली. पण धंद्यात मुरलेला माणूस, ओशाळलेला किती वेळ राहणार? “ती सोळा पानं काढून टाकू,” म्हणाले. “सतरावं पान पहिलं करू. या आठवड्यात कामाला लावतो.”

“नाही.”

“अगं, ते स्वतःच लिहितायत, इथपर्यंतचं गेलं तरी चालेल.”

“गेलं तर चालेल. काढलेलं नाही चालणार. आणि सतरावं पहिलं केलं तर तेच फाटायला लागेल.”

“मग वाचणार कोण? पहिल्या पानावर लोक पुस्तक खाली ठेवतात हे तूच तर आम्हाला रोज सांगतेस.”

आठ महिने बाबांना मी हेच ऐकवत आले होते, शब्दही जवळपास हेच. माझे कान तापले. मालकांचा राग आला, दुकानात उभ्या राहणाऱ्या त्या पिशवीवाल्याचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त माझा आला. मी पुस्तक काखोटीला मारलं आणि बाहेर पडले. टेबलावर त्या दिवशीची एकोणचाळीस बाडं तशीच राहिली.

ऑफिसातून तडक बाबांकडे गेले. ते शब्दकोशाच्या पाठीवर कापड ताणत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

“मी नाही म्हणून आले,” शेवटी म्हटलं.

“बरं केलंस.”

“बरं काय केलं, बाबा? तुमचं पुस्तक राहिलं ना छापायचं! मला आधीच का नाही सांगितलंत? सतरावं पान उघड, एवढं म्हणायला काय झालं होतं? चाळीस वर्षं तोंड मिटून बसलात, आठ महिने मला मूर्खासारखं पळू दिलंत. एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?”

“बोललो होतो की.”

“कधी?”

“वाचून बघ म्हटलं होतं. छापून आण कुठे म्हटलं?”

मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पुसले, ते डाव्या तळहातावर घेतलं आणि अंगठा पाठीवर टेकवला. पहिला फर्मा, दुसरा, तिसरा. अंगठा नेहमीपेक्षा हळू चालला होता. तेराव्यावर जरा थांबला. मग पुढे गेला आणि बाबांनी मान वर केली.

“चौदावाही उघडलास?”

“हो.”

“त्यात काही नाही गं. उरलेल्या कपाटांची यादी आहे नुसती.”

“माहीत आहे. वाचली.”

“सगळी?”

“सगळी. मागच्या भिंतीला सात कपाटं आहेत. त्यातल्या सहाव्याचं दार नीट लागत नाही, म्हणून त्याला दोरा बांधलेला असायचा.”

बाबांनी पुस्तक मिटलं, पण खाली ठेवलं नाही. मांडीवर घेऊन बसले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते हसत होते.

“चालेल,” म्हणाले. “पुढे सांग.”

मी खुर्ची ओढली, बसले आणि सातव्या कपाटापासून सांगायला लागले.